शिवलेलं शेपूट

शेपूट वस्तादांच्या हातात आलं तेव्हा दुकानासमोर दहा-अकरा माणसं उभी असतील. पुढे वर्षभर मात्र जो भेटेल तो ‘मी तिथंच होतो’ म्हणायचा, आणि अशी निदान दोनशे माणसं मला भेटली.

वस्तादांनी ते उजेडात धरलं. वीतभर काळं शेपूट, टोकाला पांढऱ्या केसांचा झुपका आणि बुडाशी लोंबणारी सुतळी. त्यांनी सुतळीची गाठ बोटांनी चाचपून पाहिली. येसबा वस्ताद म्हणजे आमच्या वडगावच्या तालमीचे कर्तेधर्ते. साठीला आलेला माणूस, पण मान अजून कडुनिंबाच्या बुंध्यासारखी. वीस वर्षं ते आमच्याच दुकानातून मटण नेत होते.

“सिंधू,” ते हळूच म्हणाले, “हे काय हाय?”

“शेपूट हाय, वस्ताद.”

“ते मलाबी दिसतंय. शिवलंय कुणी?”

“मी.”

खोटं बोलायचं मला सुचलंच नाही. आणि बोलणार तरी काय, सुईदोरा अजून फळीवर पडला होता.

“ह्याच बोकडाचं हाय,” मी म्हटलं. “सकाळी मीच काढलं, आन् मग मीच परत लावलं.”

“काढलं कशाला?”

“स्वच्छतेसाठी.”

“आन् लावलं कशाला?”

“लोक विचाराय लागले म्हणून.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. माझं उत्तर शब्दनशब्द खरं होतं आणि ऐकायला शब्दनशब्द खोटं वाटत होतं, हे माझं मलाच कळत होतं. मी आकड्याला टांगलेल्या बोकडाकडे बोट केलं. “मांडीवर नगरपालिकेचा शिक्का हाय बघा. डॉक्टरांनी तपासून मारलाय.”

“शिक्का माणूस मारतो,” वस्ताद म्हणाले. “शेपूट देव लावतो.”

त्यांनी ते शेपूट माझ्या तागडीत ठेवलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. “रविवारचं तालमीचं जेवण औंदा तुझ्या विठूकाकाकडनं घेतो. तुझ्या बापाला, आप्पाला सांग, मी येऊन गेलो हुतो.”

वस्ताद वळले आणि त्यांच्यामागे बाकीच्यांनीही काढता पाय घेतला. पाच मिनिटांत दुकानासमोर मी, बोकड आणि तागडीतलं शेपूट एवढेच उरलो.

एवढ्याशा शेपटीनं एवढा गहजब का झाला, ते परगावच्या माणसाला सांगावं लागतं. आमचा मुलूख माणदेशाच्या उंबऱ्यावरचा. माळावर माणसांपेक्षा मेंढरं जास्त. मेंढराचं मटण काही वाईट नसतं, पण बोकडाच्या भावात मेंढरू गळ्यात पडलं तर कुणालाही राग येणारच. आणि कातडं उतरलं की दोघं सख्खे भाऊ दिसतात. म्हणून आमच्याकडे खाटीक सगळं सोलतो, फक्त शेपटीवरचं कातडं राखतो. बोकडाचं शेपूट आखूड आणि ऐटीत वर वळलेलं, मेंढराचं खाली लोंबणारं. गिऱ्हाईक आधी शेपूट बघतं, मग भाव विचारतं. त्यामुळे या धंद्यातली सगळ्यात जुनी लबाडी कुठली, तर मेंढराला बोकडाचं शेपूट शिवायचं. मी नेमकं तेच केलं होतं. फरक इतकाच की मी बोकडालाच बोकडाचं शेपूट शिवलं होतं. असला शहाणपणा करणारी खाटकाच्या सात पिढ्यांत मी एकटीच.

आमचं आडनाव कोथमिरे. आडनाव कोथिंबिरीचं आणि धंदा मटणाचा, त्यामुळे गावाला आमच्या चेष्टेसाठी वेगळा विषय कधी शोधावा लागला नाही. बाजारपेठेच्या टोकाला नगरपालिकेच्या गाळ्यात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान. आप्पांना मी एकटीच. पंधराव्या वर्षी मी त्यांच्या शेजारी ठोकळ्याशी उभी राहिले आणि विशीपर्यंत सत्तूर असा चालवायला लागले की आप्पा गिऱ्हाइकाला म्हणायचे, “खिमा पोरीकडनं घ्या, माझा जाड हुतो.” बघायला येणारी स्थळं माझ्या हातांवरचे वार बघून चहा अर्धा टाकून उठायची. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. आईला होतं.

त्या वर्षी जेठात आप्पा सायकलवरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. आप्पांचा धाकटा भाऊ विठूकाका, त्याचं दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. तो आप्पांना बघायला आला आणि मोसंबी खाली ठेवायच्या आत म्हणाला, “गाळा माझ्याकडं दे. पोरीच्या जातीला ठोकळा शोभत न्हाई. लोक घ्यायचे न्हाईत तिच्या हातचं.”

आप्पांनी प्लास्टरकडे बघितलं. “आखाड तिला करू दे,” ते म्हणाले. “निभावला तर गाळा तिचा. न्हाई निभावला तर किल्ली तुझी.”

आखाड म्हणजे श्रावणाआधीचा महिना. पुढे महिनाभर मटण बंद, म्हणून सगळा गाव त्या चार रविवारांत खाऊन घेतो. खाटकाची दिवाळी ती. दुकानाच्या किल्ल्या दोन होत्या. एक माझ्याकडे आली. दुसरी आप्पांनी करगोट्याला बांधली होती, ती तिथंच राहिली. ती तिथं होती तोवर मी दुकान चालवत नव्हते, नुसती सांभाळत होते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून मला काहीतरी करून दाखवायचं होतं. त्याच सुमारास नगरपालिकेनं खाटकांसाठी एक दिवसाचं शिबिर घेतलं. जनावरांचे डॉक्टर बारवकर बोलायला होते. आठ पुरुष मागच्या बाकांवर जांभया देत बसले आणि मी पुढच्या बाकावर वही घेऊन. माश्या, हात, पाणी, जाळी, सगळं लिहून काढलं. परत आल्यावर दुकानाला चुना दिला, बोकडाभोवती बारीक जाळी लावली, गरम पाण्याची बादली ठेवली, पांढरा एप्रन घातला. आणि वहीत ‘केस – काढणे’ असं लिहिलं होतं, म्हणून बोकडाच्या अंगावर जिथं म्हणून केस उरले होते ते शेपूटच मी काढून टाकलं. कोथमिऱ्यांचं दुकान इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

तिसऱ्या रविवारी निम्मं गिऱ्हाईक आलंच नाही. जे आले त्यातलेही बरेच वर बघायचे, घुटमळायचे आणि ‘जरा जाऊन येतो’ म्हणायचे. मला वाटलं, बाईच्या हातचं घ्यायला बिचकतात. विठूकाकालाही तेच वाटलं आणि तो खूश झाला. बुधवारी सकाळी एका म्हातारीनं सरळ विचारलं, “शेपूट कुटं गेलं गं?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत मागं गेले, टाकाऊ मालाच्या बादलीतून त्याच बोकडाचं शेपूट काढलं, धुतलं आणि होतं त्या जागी तीन टाके घालून बसवलं. मला वाटलं, मी चूक दुरुस्त केली. पाव तासात वस्ताद आले, आणि जुन्या सवयीनं त्यांनी शेपटीला हात घातला.

दुपारी घरी गेले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आप्पा ओसरीवर बसले होते, प्लास्टरचा हात मांडीवर. विठूकाका शेजारी बसून बशीत चहा ओतत होता.

“शिवलंस?” आप्पांनी विचारलं.

“व्हय.”

“टाकं किती?”

“तीन.”

“तीन टाक्यांत घर बुडवलं,” काका म्हणाला.

आप्पांनी त्याला डाव्या हातानं थांबवलं. “काढलं कशाला ते सांग.”

मी शिबिराचं सांगितलं, वही दाखवली. आप्पांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी पानावरून बोट फिरवलं. “मला इचारायचं हुतंस,” ते म्हणाले.

तुम्हाला न विचारता तुम्ही खूश व्हावं असं मला वाटत होतं, हे तोंडावर कसं सांगायचं.

“सिंधे,” आप्पा म्हणाले, “मला सही येत न्हाई. नगरपालिकेत मी अंगठा मारतो. पण दुकानात मला कुणी कधी अंगठा मागितला न्हाई. ते शेपूट बगायचे. ती माझी सही हुती. तू ती पुसलीस, आन् मग चोराच्या अक्षरात परत केलीस.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काकानं बशी खाली ठेवली आणि उठला. “रविवारी सांजच्याला किल्ली न्यायला येतो, दादा.” आप्पांचा डावा हात नकळत कमरेशी गेला, तेवढं मी पाहिलं.

गुरुवारी मी डॉक्टर बारवकरांकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, शेपूट काढा असं मी कधी म्हणालो? केस मटणाला लागू देऊ नका म्हणालो. शेपूट गरम पाण्यानं धुवायचं, बस.” भला माणूस. त्यांनी तिथल्या तिथं दाखला लिहून दिला की सदर दुकानात बोकडाचंच मटण विकलं जातं, खाली सही आणि गोल शिक्का.

शुक्रवारी मी बोकड टांगला तो शेपटीसकट. शेपूट गरम पाण्यानं धुतलेलं, केस विंचरल्यासारखे चकाकणारे. बाजूला दाखला चिकटवला. आणि वाट बघत उभी राहिले.

लोक येत होते, पण मटणाला नाही. “सिंधूताई, माझी एक चोळी टाकायची हुती शिवायला.” “शर्टाचं बटण लावून मिळंल का?” कापडबाजारातला एक जण तर खरंच टेप घेऊन आला. पहिल्या चेष्टेला मी हसले, दुसऱ्यालाही हसले. मग बुधवारी शेपूट विचारणारी ती म्हातारी आली. जाळीला नाक लावून तिनं शेपूट निरखलं आणि शेजारणीला म्हणाली, “आज टाकं बारीक घातल्यात बग. दिसतबी न्हाईत.”

मी हातातला सत्तूर ठोकळ्यावर ठेवला. खरं शेपूट लोकांच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यांना ते अधिक चांगलं खोटं वाटत होतं. आता मी काय टांगलं असतं म्हणजे त्यांनी मानलं असतं? त्या दिवशी पावणेदोन किलो मटण खपलं, तेही एका परगावच्या ड्रायव्हरला. उरलेलं वाटून टाकलं, कारण काल कापलेलं आज विकायचं नाही हा आप्पांचा नियम. वाटलेलं घेतानाही दोघींनी विचारलं, “बोकडाचंच न्हवं?”

घरी येऊन मी रडले. आईनं जेवायला बोलावलं तरी उठले नाही. आप्पा आत आले आणि माझ्या उशाशी बसले.

“वस्तादानं शेपूट कसं काढलं?” त्यांनी विचारलं.

“कसं म्हंजे? ओढलं, आन् आलं हातात.”

“जोरात?”

“न्हाई. असंच. दोन बोटांनी.”

“हं,” आप्पा म्हणाले. त्या ‘हं’मध्ये काही होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण ते बाहेर गेल्यावर मी उठून बसले. दोन बोटांनी ओढून जे गेलं, ते परत यायचं तर ओढूनच यायला हवं होतं. आणि ओढणाराही तोच हवा होता. दुसऱ्या कुणी ओढलं असतं तर लोक म्हणाले असते, हिनं माणूस शिकवून ठेवलाय.

शनिवारी सकाळी मी तालमीच्या दारात जाऊन उभी राहिले. आत पाऊल टाकायची बाईमाणसाला मुभा नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली. वस्ताद अंगाला माती लागलेली तशीच बाहेर आले.

“उद्या सकाळी दुकानात या,” मी म्हटलं. “बुधवारी वडलं तसं शेपूट वडा. बाजारादेखत.”

“आन् निघालं तर?”

“तर तिथल्या तिथं माझी किल्ली विठूकाकाच्या हातात देईन. सांजेची वाट बगणार न्हाई.”

“न्हाई निघालं तर?”

“तर तालमीचं जेवण आमच्याकडनं.”

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. “बुधवारी दोन बोटं लावली हुती. उद्या दोनी हात लावीन, सांगून ठिवतो.”

“पाय लावा की,” मी म्हटलं. बोलून गेले आणि मागं न बघता घरी निघाले.

बोकड आम्ही गोदाक्काकडून घ्यायचो. गोदाक्का ही माळावरची धनगरीण, सत्तरीची, तोंडानं तिखट. त्या दुपारी ती ओसरीवर आली होती. मी तिला दोन बोकड सांगत होते, तर मागून आप्पा म्हणाले, “तीन सांग.”

“तीन?” गोदाक्का म्हणाली. “लोक मला इचारत्यात, म्हातारे, मेंढरू तू दिलंस का काय. माझं नाव खराब केलं पोरीनं. आन् तुमास्नी तीन पायजेत?”

“तीन,” आप्पा म्हणाले.

रविवारी उजाडता उजाडता कत्तलखान्यातून बोकड आले. डॉक्टरांचा शिक्का झाला, शेपट्या धुवून झाल्या. सगळ्यात मोठा बोकड मी पुढच्या आकड्याला टांगला. कुणी नाही असं बघून त्याचं शेपूट मी हळूच ओढून पाहिलं, आणि मग भीती वाटून सोडून दिलं. तालमीत चारशे जोर मारणाऱ्या माणसाला मी पाय लावा म्हणून आले होते. ते शेपूट खरं होतं याची मला खात्री होती. ते टिकेल याची नव्हती.

आठ वाजता बाजार भरला. असा भरला की भाजीवाल्यांनी आपल्या पाट्या सोडून आमच्या दारात गर्दी केली. विठूकाका आपलं दुकान बंद करून आला आणि हाताची घडी घालून सगळ्यात पुढं उभा राहिला. गोदाक्का काठी टेकून ठोकळ्याशेजारी. आप्पा मात्र कुठं दिसत नव्हते.

वस्ताद आले. धोतर खोचलेलं, डोक्यावर टोपी नाही. सवयीनं त्यांनी खाली वाकून चिमूटभर माती घेतली आणि तळव्यांना चोळली.

“थांबा, वस्ताद,” मी म्हटलं. “आधी हात धुवा.”

“काय?”

“हात. साबण तिथं हाय. कोपरापस्तर. मटणाला हात लावायचाय तुमी.”

गर्दीत पहिल्यांदा हसू फुटलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ते माझ्यावर नव्हतं. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि सगळ्या बाजारासमोर शाळेतल्या पोरासारखे कोपरापर्यंत हात धुतले. गोदाक्कानं तांब्यानं पाणी घातलं. “नखंबी,” ती म्हणाली. त्यांनी नखंही धुतली.

मग त्यांनी जाळी बाजूला सारली आणि शेपूट दोन बोटांत धरून ओढलं. बोकड जरासा हलला. शेपूट जागच्या जागी.

“जोरानं वडा,” मागून कुणीतरी ओरडलं. “न्हाईतर लोक म्हणतील, लेकीगत पोर हाय म्हणून सोडली.”

वस्तादांनी मूठ आवळली आणि हिसका दिला. बोकड झुलला, तुळई करकरली, तुळईवरची धूळ माझ्या पांढऱ्या एप्रनवर पडली. शेपूट तसंच.

आता वस्ताद पेटले. दोन्ही हातांनी त्यांनी शेपूट धरलं, एक पाय दुकानाच्या पायरीला लावला, मान आत घेतली आणि कुस्तीत ओढ घ्यावी तसे मागं झुकले. एक क्षण काहीच झालं नाही. मग वर कडकन आवाज झाला, आकडा तुळईतून मुळासकट उपटून आला आणि वस्ताद, बोकड आणि आकडा असे तिघंही पाठीवर बाजारात.

धूळ बसली तेव्हा वस्ताद उताणे पडले होते. बोकड त्यांच्या छातीवर होता. एका हातानं त्यांनी त्याला असं कवटाळलं होतं की त्याची मांडीसुद्धा जमिनीला लागली नव्हती. आणि दुसऱ्या मुठीत शेपूट होतं. गोदाक्का काठी टेकत पुढं झाली, वाकली आणि शेपटीच्या बुडाशी डोळे नेऊन तिनं बघितलं. सगळा बाजार तिच्या तोंडाकडे बघत होता.

“बोकडालाच हाय,” गोदाक्का म्हणाली.

जमिनीवरून वस्तादांचा आवाज आला, “माझी कंबर गेली, पर शेपूट न्हाई गेलं.”

मग जे हसू उसळलं, ते तिठ्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. मीही हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात नव्हते कारण दोन्ही हातांनी मी ठोकळा घट्ट धरला होता. चौघांनी बोकड उचलला, दोघांनी वस्तादांना. उभे राहिल्या राहिल्या ते म्हणाले, “हा आख्खा तालमीचा. ह्याच्यासंगं मी मातीत लोळलोय, आता दुसऱ्याला देत न्हाई.”

दुसरा बोकड टांगायला आकडा नव्हता. मी तुळईतल्या भोकाकडे बघत होते, तेवढ्यात गर्दीतून विठूकाका कुठंतरी निघून गेला. मला वाटलं, रागानं गेला. दहा मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्या दुकानातला आकडा होता, अंगठ्याएवढ्या जाड सळईचा, आणि खिशात हातोडी. तो स्टुलावर चढला आणि तुळईत दुसऱ्या जागी आकडा ठोकायला लागला.

“काका, तुमच्या दुकानात?”

“माझ्याकडं आज येतंय कोण?” तो वरूनच म्हणाला. “समदा बाजार तर हितं हाय.” ठोकून झाल्यावर त्यानं स्वतःच्या सगळ्या वजनानं आकड्याला लोंबकळून बघितलं आणि खाली उतरला. “वस्तादाला सांग, एका बोकडात तालीम जेवत न्हाई. दुसरा माझ्याकडनं न्यायचा, कबूल झाल्यालं.”

वस्ताद कबूल झाले. कंबर धरून, पण झाले.

रांग लागली. आमच्या दुकानापुढं रांग कधी लागली नव्हती, नुसती झुंबड असायची. पण त्या दिवशी प्रत्येकाला आधी हात धुवायचे होते आणि मग शेपूट ओढायचं होतं. कुणी हळूच ओढलं, कुणी हिसका दिला. चोळी शिवायला टाकणारीनं ओढलं. टेपवाल्यानं ओढलं. ज्या म्हातारीला बारीक टाके दिसले नव्हते तिनं चांगलं दोनदा ओढलं आणि “बरं हाय बाई,” म्हणून सव्वा किलो नेलं. अकरा वाजेतो दुसरा बोकड संपला. शेपूट शेवटपर्यंत राखलं, कारण लोक मटण नसलं तरी ओढत होते.

याला आता सव्वीस वर्षं झाली. दुकानात काच आहे, थंड पेटी आहे, फरशी पांढरी आहे. माझा नवराही या दुकानातूनच मिळाला. तो मटण घ्यायला आला होता आणि त्यानं माझ्या हातांवरचे वार मोजले नाहीत. दारात नळ आहे आणि नळावर पाटी आहे, ‘आधी हात धुवा, मग शेपूट ओढा, मग मागा’. साताऱ्याहून, पंढरपूरहून माणसं येतात, पाटी वाचून हसतात आणि तरी ओढतात. विठूकाकाच्या दुकानातही त्या रविवारपासून लोक ओढायला लागले. त्याचं शेपूटही खरंच असायचं. पण त्याला म्हातारपणी तीनदा आकडा बदलावा लागला, आणि त्याचा दोष तो मरेपर्यंत मला देत होता.

पण त्या रविवारची गोष्ट अजून संपलेली नाही.

तिसरा बोकड अर्ध्यावर आला होता. मी मान वर न करता विचारत होते, किती देऊ, आणि कापत होते, तोलत होते. पुढच्या माणसाचे हात जाळीपाशी आले. एक हात ओला, धुतलेला. दुसरा प्लास्टरमध्ये. मी वर बघितलं. आप्पा रांगेत उभे होते. बहुतेक तासभर उभे असतील, कारण रांग तेवढी होती आणि कुणी त्यांना पुढं घेऊ पाहिलं तरी ते आले नसते, मला माहीत आहे. त्यांनी डाव्या हातानं शेपूट धरलं आणि ओढलं. हळू नव्हे. चांगलं ओढलं, अनोळखी गिऱ्हाइकासारखं.

“अर्धा किलो,” ते म्हणाले. “चाप घाला, नळी घाला.”

घाला म्हणाले. घाल नाही. चोवीस वर्षांत आप्पा मला कधी असं बोलले नव्हते. माझा सत्तूर वरच्या वर थांबला. मग त्यांनी डावा हात सदऱ्याखाली नेला, कमरेशी थोडा वेळ खटपट केली, कारण एका हातानं गाठ सुटत नव्हती, आणि शेवटी हिसका देऊन करगोट्याचा दोरा तोडला. किल्ली त्यांनी माझ्या तागडीत ठेवली, बुधवारी वस्तादांनी शेपूट ठेवलं होतं त्याच पारड्यात.

मागून कुणीतरी म्हणालं, “आप्पा, चला की पुढं, आमालाबी घ्यायचंय.”

मी किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली, अर्धा किलो तोललं, आणि वर एक नळी जास्त घातली.